बर्फातील पाऊल

सातारा-सांगलीत बर्फ पडत नाही. परंतु येथील अनेक घरांतील मुलगा मात्र बर्फात उभा असतो. साताऱ्याजवळील अपशिंगे गावास तर ‘मिलिटरी’ हीच ओळख मिळाली आहे. १९८४ पासून आपले सैन्य सियाचीनवर आहे. तेथे थंडीचा पहिला घाव पावलावर पडतो.

याचे कारण असे की, थंडी वाढली म्हणजे शरीर हृदय, मेंदू जपण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. रक्त कमी, म्हणून ऊबही कमी. त्यात दोन-तीन मोजे कोंबून बूट आवळले, तर उरलेले रक्तही अडते. मोज्यात कोंडलेली कोरडी हवाच ऊब राखते. घामाने ती जागा भिजली की पाय गारठतो. म्हणून बूट बोटे हलतील इतके सैल असावेत, मोजे लोकरीचे असावेत व ओले होताच बदलावेत. लोकर दमट झाली तरी थोडी ऊब देते. माणदेशी मेंढपाळ पावसात घोंगडी पांघरतो ते उगाच नव्हे! गुलमर्गला हौसेने स्कीइंग करणाऱ्यालाही हेच नियम लागू पडतात.

बोटे पांढरी, बधिर झाल्यास बर्फ चोळू नये, शेकोटीजवळही धरू नयेत. बधिर कातडीला भाजल्याचे कळत नाही. पाय पुन्हा गोठण्याची भीती नसेल तरच ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात बुडवावा व त्वरित डॉक्टर गाठावा. हयगय झाल्यास बोटे कापण्याची पाळी येते. भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या आपल्या मित्रांनी धावण्याइतकेच हेही शिकून ठेवावे.