ऊब जपा, पण हवा कोंडू नका!

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसहा-सात तासांचा. दुपारचे चार वाजले की काळोख. केर्नगॉर्म डोंगरांतलं ब्रेमार हे गाव तर थंडीसाठी प्रसिद्धच; १८९५ साली आणि पुन्हा १९८२ साली तिथं पारा उणे २७.२ अंशांपर्यंत उतरला होता. अशा दिवसांत कॅम्पर व्हॅनमध्ये, म्हणजे ओटा-बिछान्यासकटच्या गाडीत, बिऱ्हाड थाटून आम्ही हिंडायला निघतो म्हटलं की इथल्या मराठी मैत्रिणी विचारतात, "अगं, घरची ऊब सोडून ही कसली हौस?" पण सकाळी दार सरकवावं, हातात आल्याचा चहा असावा आणि समोर पांढरेशुभ्र डोंगर! हौसेचं उत्तर तिथं मिळतं.

मात्र पहिल्याच हिवाळ्यात माझ्या हातून जी चूक झाली, ती आधी सांगते.

गाडीला तेव्हा हीटर नव्हता. बाहेर उणे सहा. छतातल्या झडपेतून गार वारा येत होता, म्हणून मी तिच्यात टॉवेल कोंबला आणि स्वयंपाकाची गॅसशेगडी बारीक करून तशीच जळत ठेवली. छान ऊब आली. थोड्या वेळानं लेक म्हणाली, "आई, डोकं दुखतंय." दिवसभर वारं लागलं असेल म्हणून मी बाम चोळला. तेवढ्यात भिंतीवरची छोटी डबी कर्कश ओरडू लागली. हे म्हणाले, "सेल संपला असेल, काढून टाक." नशीब माझं, मी आधी दार उघडलं! गॅस बंद केला, सगळी बाहेर पडलो आणि त्याच रात्री इस्पितळात जाऊन तपासून घेतलं.

तो होता कार्बन मोनॉक्साइड. ना रंग, ना वास. गॅस, कोळसा, लाकूड काहीही पुरेशा हवेवाचून जळलं की तो तयार होतो आणि रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. आधी डोकेदुखी, मळमळ, मग गुंगी. झोपलेल्या माणसाला तर कळतसुद्धा नाही. उत्तर भारतात हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागेही हाच.

मग ऊब आणायची कशी? त्याचं उत्तर आपल्या आजीच्या गोधडीत आहे. गोधडी स्वतः तापत नाही. तिच्या थरांत अडकलेली हवा अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. गाडीलाही अशीच गोधडी हवी. पत्र्याच्या आतून लोकर किंवा फोमचा थर द्यावा. सर्वांत जास्त ऊब जाते ती काचांतून, म्हणून काचांना जाड चकचकीत पडदे लावावेत. बाहेरून लावले तर जास्त चांगलं, काचेला पाणी कमी सुटतं. गादीखाली फळ्यांची जाळी ठेवावी, नाहीतर गादी खालून ओली होऊन बुरसते. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावरचा 'कम्फर्ट'चा आकडा पाहावा, 'लिमिट'चा नव्हे. झोपण्याआधी पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली की काम फत्ते.

दुसरी वैरीण म्हणजे ओल. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं! त्यात आपला श्वास, वाळत घातलेले मोजे, उकळता भात. म्हणून रांधताना झाकण ठेवावं, खिडकी बोटभर उघडी असावी आणि सकाळी काचा पुसून घ्याव्यात. सिलिंडरही प्रोपेनचाच घ्यावा. ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो, मग शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे चाळीसपर्यंत साथ देतो.

आता आम्ही डिझेलवर चालणारा हीटर जाणकाराकडून बसवून घेतला आहे. तो जळण्यासाठी बाहेरची हवा घेतो, धूरही बाहेरच सोडतो. आत येते ती फक्त गरम केलेली कोरडी हवा. दोन किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरात तासाला साधारण पाव लिटर डिझेल खातो. खर्च आहे, पण जिवापेक्षा महाग नाही.

निजण्यापूर्वी एवढं पाहाच

• शेगडी बंद, सिलिंडरची कळही बंद.
• छताची आणि तळाची झडप मोकळी. गळालेला गॅस जड असतो, तो तळच्या झडपेतूनच बाहेर पडतो.
• हीटरच्या धुराड्यावर बर्फ साचलेला नाही ना? ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवून झोपू नये.
• कार्बन मोनॉक्साइडची डबी बटण दाबून तपासावी. गाड्या-बोटींसाठीचं मानक ईएन ५०२९१-२ आहे. तेच लिहिलेली घ्यावी.
• कडाक्याची थंडी असेल तर टाकीतलं पाणी काढून टाकावं, नाहीतर नळ फुटतात.

परवा निघताना लेकीनंच आधी झडपेखाली हात धरून पाहिला. "आई, वारा येतोय गं," म्हणाली. म्हटलं, येऊ दे बाई. तेवढा गारठा गोधडी सोसेल.