कनेक्टेड आहे, पण उघडत नाही

"व्हीपीएन कनेक्टेड दाखवतंय, पण काहीच उघडत नाही." मार्च २०२० पासून पुढची काही वर्षं कंपन्यांच्या आयटी हेल्पडेस्कवर बसलेल्या माणसांनी हे वाक्य जितक्या वेळा ऐकलं, तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. त्या काळात मी पुण्यातल्या एका कंपनीचं नेटवर्क सांभाळत होतो. आज तो सगळा काळ पुन्हा डोळ्यांखालून घालताना एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. गावाकडे डोंगलवर किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांना आपल्या क्षेत्राने सरसकट एकच उत्तर दिलं, "तुमचं नेट स्लो आहे." त्यातल्या कितीतरी जणांचं नेट स्लो नव्हतंच.

मार्च २०२० च्या आधी घरून काम हा अपवाद होता, आणि काही धंद्यांत तर ते कायद्यानेच अवघड करून ठेवलं होतं. कॉल सेंटर आणि बीपीओ कंपन्यांवर दूरसंचार विभागाचे 'ओएसपी' (अदर सर्व्हिस प्रोव्हायडर) नियम होते. कर्मचाऱ्याला घरी बसवायचं तर एक कोटी रुपयांची अनामत आणि परवानाधारक कंपनीकडूनच घेतलेलं व्हीपीएन, अशा अटी होत्या. १३ मार्च २०२० ला विभागाने त्या तात्पुरत्या सैल केल्या, मुदत वाढवत नेली आणि ५ नोव्हेंबर २०२० ला नियमच नव्याने लिहिले. कागदावरचा अडथळा असा काही महिन्यांत दूर झाला. तारांमधला, खरं तर बिनतारी वाटेतला अडथळा मात्र तिथेच राहिला.

२४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. त्याच्या आगेमागे हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्याच्या आसपासच्या खोल्या आणि पीजी रिकामे होऊ लागले. कोणी लातूरला पोचलं, कोणी चिपळूणला, कोणी सावंतवाडीच्या पलीकडच्या वाडीत. बॅगेत कंपनीचा लॅपटॉप आणि खिशात फोन. घरी केबल नाही, फायबर तर स्वप्नातही नाही. डोंगल मिळेनासे झाले होते. मग फोनचा हॉटस्पॉट चालू करून तो खिडकीच्या गजाला बांधायचा, नाहीतर गच्चीवर पत्र्याच्या सावलीत टेबल टाकायचं.

पहिले काही आठवडे तर दोष त्यांच्याकडे नव्हताच, ऑफिसकडे होता. फिरतीवरच्या मोजक्या लोकांसाठी घेतलेल्या व्हीपीएन गेटवेवर अख्खी कंपनी एकदम चढली. लायसन्स कमी पडली. सकाळी दहाला सगळे लॉगिन करायचे आणि व्हीपीएनच्या त्याच बोगद्यातून व्हिडिओ मीटिंगचाही भार जायचा. मीटिंगचा ट्रॅफिक थेट इंटरनेटवर सोडायचा आणि ऑफिसचाच तेवढा बोगद्यातून न्यायचा, ही स्प्लिट टनेलची युक्ती अनेक कंपन्यांनी तेव्हाच स्वीकारली. गेटवे हलके झाले. शहरातल्या फायबरवाल्यांच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या, गावाकडच्यांच्या थांबल्या नाहीत. तिथून पुढचं काम खरं शोधाचं होतं.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका सहकारी मुलीचं उदाहरण माझ्या नीट लक्षात आहे. लॉगिन व्हायचं, व्हीपीएनचं कुलूप हिरवं व्हायचं, मेलची यादीही दिसायची. एखादी जोडलेली फाइल उघडायला गेलं की गोल फिरत राहायचं. "सर, स्पीड टेस्टला चाळीस येतात," ती म्हणाली. तिने स्क्रीनशॉटही पाठवला होता. मी म्हटलं, "मॅडम, स्पीड सोडा. मी सांगतो तो आकडा टाकून पिंग करा." व्हीपीएन बंद ठेवून, पॅकेटचे तुकडे करायचे नाहीत अशी खूण पिंगला जोडून, आम्ही एकेक आकार कंपनीच्या गेटवेकडे पाठवू लागलो. १४७२ ला रिक्वेस्ट टाइम्ड आउट. १४०० ला उत्तर आलं. १४२० ला पुन्हा शांतता. १४१२ ला उत्तर. पिंगचे स्वतःचे २८ बाइट त्यात मिळवले की तिच्या वाटेवरून जास्तीत जास्त १४४० बाइटचं पॅकेट जातं, हे स्पष्ट झालं.

ऑफिसच्या किंवा घरच्या साध्या तारेवरून १५०० बाइट जातात, आणि व्हीपीएनची मांडणी त्याच हिशोबाने केलेली होती. आत १४०० बाइटचा मजकूर, त्यावर आयपीसेक या व्हीपीएन पद्धतीचं सुमारे सत्तर बाइटचं आवरण, म्हणजे बाहेर पडताना साधारण १४७०. फायबरवर ते आरामात जातं. मोबाइलच्या वाटेवर मात्र टॉवरच्या मागचं जाळंही प्रत्येक पॅकेटला स्वतःचं आणखी ३६ बाइटचं आवरण घालतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी ग्राहकासाठीची मर्यादा आधीच खाली आणलेली असते. लॉगिनची पॅकेटं छोटी, ती जातात. मेलची यादी छोट्या तुकड्यांत येते, तीही दिसते. फाइल येताना पॅकेट पूर्ण भरतं आणि वाटेत टाकून दिलं जातं. 'आकार कमी करा' असा निरोप उलट यायला हवा, पण मधली एखादी फायरवॉल तो निरोपच अडवते. दोन्ही टोकांना काही कळत नाही आणि पडद्यावर गोल फिरत राहतं.

तिच्या लॅपटॉपवर बोगद्याचा एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या आकाराची मर्यादा, १३०० केला आणि फाइल उघडली. नवं सिम नाही, नवा प्लॅन नाही, फक्त एक आकडा. त्याआधीच तिने घरच्यांना सांगून दुसऱ्या कंपनीचं सिम मागवलं होतं आणि रेंजसाठी रोज मामाच्या घरी चालत जायला सुरुवात केली होती. हे मला आजही लागतं. हा आकडा प्रत्येक माणसामागे लागून बदलायची गरजच नाही. गेटवेवर एकदा बदलला की सगळ्यांना लागू होतो.

दुसरं दुखणं तुटण्याचं. काम करता करता दोन मिनिटं कोणाशी बोललं, चहा घेऊन आलं की बोगदा मेलेला. याचं कारण पत्त्यांच्या टंचाईत आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. भारतात मोबाइलवर आलेल्या कोट्यवधी ग्राहकांना स्वतंत्र पत्ता देणं शक्यच नव्हतं. म्हणून एका सार्वजनिक पत्त्यामागे खूप ग्राहक बसवतात. चाळीच्या दाराशी एकच पत्रपेटी असावी, कोणाचं पत्र कोणाला द्यायचं याची वही आत ठेवलेली असावी आणि बराच वेळ पत्र आलं नाही की त्या बिऱ्हाडाचं नाव वहीतून खोडलं जावं, तसा हा कारभार. हे नाव दोन मिनिटांच्या आत खोडू नये, असं २००७ च्या मानकात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात बऱ्याच नेटवर्कवर त्याच्या कितीतरी आधी ते जातं. व्हीपीएनने दर वीस-पंचवीस सेकंदांनी रिकामं पॅकेट पाठवत राहायचं, इतकाच उपाय. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो 'कीपअलाइव्ह' या नावाने आहे. तो चालू आहे का, हे बघायला हवं.

मोठ्या कंपन्यांकडे निदान विचारायला हेल्पडेस्क होता. छोट्यांचे हाल जास्त झाले. सीएची ऑफिसं, व्यापारी पेढ्या, छोटे कारखाने. टाळेबंदी आली तीच ३१ मार्चच्या तोंडावर. हिशोबाच्या टॅलीचा डेटा ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर, माणसं घरी. अनेकांनी ऑफिसच्या राउटरवरचा पीपीटीपी हा व्हीपीएनचा जुना प्रकार चालू केला, कारण तो विंडोजमध्ये तयार मिळायचा. १९९९ च्या कागदपत्रांतला हा प्रकार पोर्ट नंबर नसलेल्या पॅकेटांवर चालतो. सामाईक पत्त्यामागे बसलेल्या ग्राहकाची अशी पॅकेटं परत कोणाकडे वळवायची, हे वाटेतल्या यंत्राला कळत नाही. फायबरवर चालणारं डोंगलवर चालायचं नाही, आणि दोष जायचा डोंगलच्या नावावर. काहींचं तर ऑफिसच सिमच्या राउटरवर होतं, त्यामुळे बाहेरून आत यायला सार्वजनिक पत्ताच नव्हता. त्यांनी कितीही सेटिंग बदलली तरी उपयोग नव्हता. एक तर स्थिर पत्ता विकत घ्यायचा, नाहीतर भाड्याच्या सर्व्हरवर मधला थांबा उभा करायचा, एवढ्याच वाटा होत्या.

नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा, म्हणजे आयपीव्ही६ चा, त्रास वेगळा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं ते मुळातच नव्या पत्त्यांवर भर देऊन, आणि देशासाठी ती फार चांगली गोष्ट झाली. भारत आज आयपीव्ही६ वापरणाऱ्या आघाडीच्या देशांत गणला जातो. अशा नेटवर्कवर जुन्या पत्त्याच्या पॅकेटचं आवरण बदलून नव्या पत्त्याचं लावलं जातं, त्यात आणखी २० बाइट जातात. पण अनेक कंपन्यांचं व्हीपीएन फक्त जुने पत्तेच बोगद्यात घ्यायचं. मग नावांची चौकशी बोगद्याबाहेरून जायची आणि ऑफिसच्या आतल्या सर्व्हरची नावं सापडायचीच नाहीत. लॅपटॉपवर आयपीव्ही६ बंद करा, असा सल्ला तेव्हा सगळीकडे दिला गेला. त्याने काम चालायचं, पण तो इलाज नव्हे. बोगद्यालाच दोन्ही पत्ते शिकवणं हा खरा इलाज, आणि तो करायला कंपन्यांनी फार वेळ लावला.

रेंजचे प्रश्न नव्हते असं मुळीच नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. त्यानंतर श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगडकडे वीजच कित्येक दिवस नव्हती, तिथे एमटीयूची चर्चा कोण करणार? लाइट गेली की टॉवरची बॅटरी काही तासच पुरते. आणि पाच रेघा दिसत असूनही संध्याकाळी काम रखडतं, कारण टॉवर एकच आणि सगळं गाव त्यावर. फोनच्या रेघा बघण्यापेक्षा राउटरच्या पानावरचा आरएसआरपी, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा, बघावा. उणे ८० च्या आसपास असेल तर चांगला, उणे ११० च्या खाली गेला की जागा बदलायची. हे सांगितलं की लोक लगेच शिकले.

तंत्र मात्र त्याच काळात सुधारलं. २९ मार्च २०२०, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, लिनक्सची ५.६ आवृत्ती आली आणि वायरगार्ड हे व्हीपीएन त्यात समाविष्ट झालं. फोनचा पत्ता बदलला, वायफायवरून मोबाइलवर आलं, तरी त्याचा बोगदा तुटत नाही. बिनतारी नेटसाठी याहून चांगलं काय हवं! उलट, फायरवॉलमधून हमखास जातं म्हणून निवडलेलं टीसीपीवरचं व्हीपीएन रेंज जरा ढासळली की रांगतं. आतलं आणि बाहेरचं अशी दोन्ही टीसीपी हरवलेलं पॅकेट आपापल्या परीने पुन्हा पाठवत बसतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये, हरवलेलं पॅकेट पुन्हा न पाठवणाऱ्या, यूडीपीचा पर्याय असेल तर तो आधी वापरून बघावा.

१ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं. १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर, मुंबई-पुण्यासह आठ शहरांत जिओ एअरफायबर आलं. एअरटेलचं त्याच्या सुमारे दीड महिना आधी दिल्ली-मुंबईत आलं होतं. आता फोन गजाला बांधावा लागत नाही. गच्चीवर डबा बसतो, केबल घरात येते, वेग भरपूर मिळतो. म्हणून लोकांना वाटतं की जुनं दुखणं संपलं. पण सामाईक पत्ता आजही आहे, पॅकेटची मर्यादा आजही आहे. कनेक्टेड दाखवतंय पण उघडत नाही, हा फोन आजही येतो, फक्त तो आता गच्चीवर डबा असलेल्या घरातून येतो.

घरून काम करणारी कितीतरी चांगली माणसं 'नेट खराब' या एका शेऱ्यामुळे प्रोजेक्टवरून बाजूला काढली गेलेली मी पाहिली आहेत. बहुतेकदा पगारदार मुली, आई-वडिलांसाठी गावी राहिलेली मुलं. म्हणून ज्यांच्या हातात कंपनीचा गेटवे आहे, त्यांना कळकळीची विनंती आहे. बोगद्याचा एमटीयू सगळ्यांसाठी १२८० वर आणा, फायबरवाल्यांचं त्याने फारसं काही बिघडत नाही. कीपअलाइव्ह पंचवीस सेकंदांवर ठेवा. यूडीपी चालू ठेवा. आणि गावाकडून फोन आला तर स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागण्याआधी समोरच्याकडून १४७२ चा पिंग करून घ्या.