मधुमेह आणि सूक्ष्म आर.एन.ए.

मधुमेहावर कोठेही व्याख्यान झाले की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. "वडिलांना साखर होती, आजोबांना होती, मग आमच्याही रक्तात ती लिहिलेलीच आहे ना?" विचारणाऱ्याच्या आवाजात कधी भीती असते, तर कधी सुटकाही असते, कारण जे लिहिलेलेच आहे त्यासाठी पहाटे उठून चालावयास जाण्याचे कारण उरत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे या देशात सुमारे १० कोटी माणसांना मधुमेह आहे. तेव्हा हा प्रश्न एकट्यादुकट्याचा नव्हे. गेल्या तीस वर्षांत जीवशास्त्राने त्याच्या उत्तराचा जो एक भाग शोधला आहे, तो आज आपल्यापुढे मांडावा असा आमचा विचार आहे.

प्रथम 'लिहिलेले' म्हणजे काय ते पाहू. जमिनीच्या खरेदीचे दस्त ज्या कचेरीत नोंदले जातात, तेथील रीत आपणांस ठाऊक आहे. तेथील नोंदवही दप्तरखान्यातून बाहेर निघत नाही. बाहेर येते ती तिच्यातल्या नोंदीची नक्कल, आणि मागणाऱ्याचे काम त्या नकलेवर चालते. पेशीचेही असेच आहे. केंद्रकातले डी.एन.ए. हे मूळ दप्तर. त्यातील हव्या त्या भागाची आर.एन.ए. नावाच्या द्रव्यात नक्कल निघते, ती केंद्रकाबाहेर येते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते. इन्शुलिन हे असेच एक प्रथिन. आता गंमत अशी की, यकृताच्या पेशीतही इन्शुलिनचा दस्त असतो, पण तेथे तो धूळ खात पडतो. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मात्र त्याच्या नकलांमागून नकला काढीत असतात. म्हणजे दप्तरात काय आहे याइतकेच, त्यातले काय वाचले जाते यालाही महत्त्व आहे.

नक्कल निघाली म्हणजे काम झालेच, अशी शास्त्रज्ञांची बरीच वर्षे समजूत होती. ती १९९३ साली एका जंताने ढळविली. हा जंत लांबीने जेमतेम एक मिलिमीटर. त्याच्या वाढीचा अभ्यास करताना अमेरिकेतील व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांच्या प्रयोगशाळांना असे आढळले की, एका जनुकापासून प्रथिन मुळीच होत नाही. होतो तो केवळ बावीस अक्षरांचा एक आर.एन.ए.चा तुकडा. हा तुकडा दुसऱ्या एका नकलेवर, जेथे अक्षरे जुळतील तेथे, चिकटून बसतो आणि तिच्यापासून प्रथिन होऊ देत नाही. कचेरीतल्या कारकुनाने नकलेला 'स्थगित' अशी चिठ्ठी डकवावी, तसाच हा प्रकार. कित्येकदा तर चिठ्ठी लागलेली नक्कल पेशीत मोडूनच टाकली जाते. ही जंताचीच लहर असावी असे प्रथम वाटले. परंतु २००० साली अशीच दुसरी चिठ्ठी सापडली, आणि ती माश्यांपासून माणसापर्यंत सर्वत्र आहे असे दिसून आले. माणसात अशा चिठ्ठ्यांचे हजारांहून अधिक प्रकार आता माहीत आहेत. या शोधाबद्दल त्या दोघांना २०२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा मधुमेहाशी संबंध काय? जेवण झाले की रक्तातली साखर चढते. बीटा पेशींत इन्शुलिन लहान लहान पुरचुंड्यांत बांधून ठेवलेले असते. साखर चढताच त्या पेशीच्या कडेला येऊन रिकाम्या होतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात २००४ साली असे आढळले की, या पेशींत ३७५ क्रमांकाची चिठ्ठी विपुल असते. ती वाढविली तर पेशी साखर पाहूनही इन्शुलिन सोडण्यास आखडता हात घेते. ती दाबली तर इन्शुलिन अधिक सुटते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनीही मानवी गर्भाच्या स्वादुपिंडाची घडण होत असताना या चिठ्ठीचा माग काढून २००९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

मग ही चिठ्ठी काढून टाकली की मधुमेह गेला, असे कोणासही वाटेल. तसा प्रयोग उंदरांवर झालाही. ही चिठ्ठी मुळातच नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा २००९ साली उलटेच दिसले. त्यांच्यात बीटा पेशीच कमी झाल्या, साखर वाढविणाऱ्या शेजारच्या अल्फा पेशी वाढल्या, आणि रक्तातली साखर चढली. जी चिठ्ठी इन्शुलिनचा हात आखडते, तीच त्या पेशींचे संख्याबळ राखते! एक चिठ्ठी अनेक नकलांवर बसते, त्यामुळे असे होते. तात्पर्य, येथे चांगले-वाईट असे काही नाही; प्रमाण सांभाळणे हेच सर्व काही आहे.

मधुमेहाची दुसरी बाजू म्हणजे इन्शुलिन असूनही शरीराने ते न जुमानणे. झुरिकच्या संशोधकांनी २०११ साली दाखविले की, लठ्ठ उंदरांत १०३ आणि १०७ या चिठ्ठ्या वाढलेल्या असतात. त्या दाबल्या की यकृत आणि चरबीच्या पेशी इन्शुलिनचे पुन्हा अधिक ऐकू लागतात. यातले एक वाक्य आपण लक्षात ठेवावे: हे उंदीर लठ्ठ होते. म्हणजे चिठ्ठ्यांची संख्या जन्मतः ठरून गेलेली नसते. शरीराच्या स्थितीप्रमाणे ती बदलते.

या चिठ्ठ्या रक्तातही तरंगत असतात. त्यांवरून रोग आधीच ओळखता येईल काय, याचा शोध चालू आहे. पण निरनिराळ्या ठिकाणचे निष्कर्ष अजून एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. चिठ्ठीवर चालणारे मधुमेहाचे औषधही अद्याप दुकानात आलेले नाही. म्हणून 'जनुक सुधारून मधुमेह मुळापासून घालवितो' असे सांगून कोणी पुडी विकू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. आणि इन्शुलिन चालू असेल तर अशा बोलण्यावर विसंबून ते बंद करू नये. १९२२ साली टोरांटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्यापूर्वी अशा मुलांना मरणाखेरीज वाट नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वडिलांचे दप्तर आपल्याकडे येते, हे खरे. ते फाडून फेकता येत नाही. परंतु त्यातली कोणती नक्कल चालवावी आणि कोणती अडवावी, हा कारभार आपल्या देहात रोज चालतो, आणि देहाच्या स्थितीचा त्यावर परिणाम होतो. चेन्नई येथील २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांना आहार आणि चालणे यांची शिस्त लावली, तेव्हा तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे शेकडा २८ नी घटले. त्यात चिठ्ठ्यांचा वाटा किती हे त्या अभ्यासाने मोजले नव्हते. पण पूर्वजांचे दप्तर तेच असूनही निकाल बदलला, एवढे त्यातून दिसले. आजोबांची साखर ही आपणांस मिळालेली सूचना आहे, शिक्षा नव्हे. सूचना मिळालेल्या माणसाने वेळेवर रक्त तपासून घ्यावे आणि सकाळी चालावयास निघावे, एवढेच आमचे सांगणे आहे.