अधूनमधून उद्भवणारा विद्युत दोष : घरगुती गिझरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विजेचे उपकरण कायमचे बंद पडले, तर त्यातील दोष शोधणे तुलनेने सोपे असते. कठीण असतो तो कधी प्रकट होणारा व कारागीर घरी येताच नाहीसा होणारा दोष. कळंब (जि. यवतमाळ) येथे प्रस्तुत लेखकाच्या घरी गणेशोत्सवाच्या दिवसांत हा अनुभव आला. सायंकाळी दिवेलागणीच्या सुमारास आरसीसीबी पडे व सारे घर अंधारात जाई. पुन्हा वर केल्यावर तो कधी रात्रभर टिके, तर कधी मिनिटभरही टिकत नसे. संशय गिझरवर होता. परंतु त्या वेळी गिझरचे बटण बंदच असे. म्हणून वायरमनने गिझर निर्दोष ठरविला आणि आरसीसीबीच ‘नाजूक’ झाला आहे, तो वगळून थेट जोडणी करावी, असा सल्ला दिला. हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो व स्वीकारलाही जातो. त्यामुळे या घटनेमागील भौतिकशास्त्र येथे मांडले आहे.

आरसीसीबीचे कार्य

फेजमधून घरात आलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत जाणारा प्रवाह यांची तुलना करणे, एवढेच आरसीसीबीचे काम होय. दोहोंत फरक पडला, तर उरलेला प्रवाह अन्य मार्गाने, म्हणजे अर्थिंगमधून किंवा मानवी शरीरातून, जमिनीत जात आहे असा त्याचा अर्थ होतो. घरगुती आरसीसीबी साधारणतः 30 मिलिअँपिअरचा असतो आणि 15 ते 30 मिलिअँपिअरच्या दरम्यान तो केव्हाही पडू शकतो. येणारा प्रवाह कमी पडला काय किंवा परतणारा कमी पडला काय, त्याला दोन्ही सारखेच. सदर प्रकरणाचे मर्म येथेच आहे.

बंद बटणाचा भ्रम

गिझरच्या कॉइलमध्ये धातूच्या नळीत निक्रोमची तार असते व भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ही भुकटी उष्णता वाहून नेते, वीज मात्र अडविते. परंतु ती ओलावा शोषते. बोअरच्या जड पाण्यातील क्षारांचा थर नळीवर साचला की नळी अधिक तापते, गंजते आणि तिला सूक्ष्म छिद्र पडते. (घरगुती एस्प्रेसो कॉफी यंत्रांतही बहुधा अशीच कॉइल असते व तेथेही हा दोष आढळतो.) गिझर तापला की ओलावा हटतो व गळती कमी होते, थंड झाल्यावर ती परत येते. दोष येतो-जातो याचे हे एक कारण.

दुसरे कारण छिद्राच्या जागेत आहे. फेजच्या टोकाजवळ 100 ओहमचा गळतीमार्ग निर्माण झाला, तर 230 व्होल्टला 2.3 अँपिअर प्रवाह गळेल. आरसीसीबी प्रत्येक वेळी तत्काळ पडेल आणि दोष लपणारच नाही. तीच गळती न्यूट्रलच्या टोकाजवळ असेल तर? तेथे जमिनीच्या तुलनेत दाब जेमतेम एक-दोन व्होल्ट असतो. 1 व्होल्टला 10 मिलिअँपिअर गळती होते व आरसीसीबी स्वस्थ राहतो. 3 व्होल्टला ती 30 मिलिअँपिअर होते व तो पडतो. न्यूट्रलवरील हा दाब संपूर्ण वस्तीच्या भारानुसार बदलतो. उत्सवाची रोषणाई, सायंकाळचे पंखे व दिवे यांमुळे तो वाढतो. गिझरचे एकेरी बटण केवळ फेज तोडते. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणून बंद असलेला गिझरही आरसीसीबी पाडू शकतो.

तपासणी

यावरून ‘बटण बंद करून पाहिले’ ही तपासणीच नव्हे, हे उघड होते. तीनपिन प्लगच सॉकेटमधून काढावा लागतो. तसे केल्यावर पुढील आठ दिवस आरसीसीबी एकदाही पडला नाही. या काळात प्रत्येक वेळेची नोंद वहीत ठेवली होती. अशा दोषात मल्टीमीटरपेक्षा वहीच अधिक उपयोगी पडते, असे माझे मत झाले आहे. नंतर कॉइलच्या दोन्ही तारा सोडवून टोक व नळी यांमधील रोध मोजला. सकाळी, थंड अवस्थेत, तो शंभर ओहमच्या आसपास होता. वायरमनने मात्र पाणी तापल्यानंतर मोजले होते, म्हणून त्यास काही आढळले नाही. मोजमाप चुकीचे नव्हते, वेळ चुकीची होती. गळती याहून सूक्ष्म असल्यास मल्टीमीटरचे काही व्होल्ट अपुरे पडतात. तेथे 500 व्होल्टचा मेगर लागतो व तो जाणकारानेच वापरावा.

आरसीसीबी वगळला असता तर

न्यूट्रलच्या टोकाची गळती निरुपद्रवी वाटते, पण ती तशी नाही. सॉकेटमध्ये फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली घरे कमी नाहीत. तेथे छिद्राची हीच जागा पूर्ण 230 व्होल्टवर येते. बाहेरील न्यूट्रल तुटला तरी घरातील अन्य उपकरणांमार्फत तोच परिणाम होतो. अशा वेळी टाकी व नळाचे पाणी यांना केवळ अर्थिंगचा आधार उरतो. आपल्याकडील काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणजे आधार सर्वांत दुबळा असतो तो नेमका याच काळात. ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्यास वाचविणारे एकमेव साधन म्हणजे तो ‘नाजूक’ आरसीसीबी.

कॉइल बदलल्यानंतर गिझर विनातक्रार चालू आहे. जुनी कॉइल आता महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असून विद्यार्थी तिचा रोध प्रथम ओल्या अवस्थेत आणि नंतर दिवसभर उन्हात वाळवून मोजतात.