आपलं अ‍ॅप, आपल्या हातानं – भाग ४ : पसारा दोन तक्त्यांत

मागच्या भागात आपण हाती घेतलेल्या सगळ्या कामांची कागदावर यादी केली. दिवाळी अंकासाठी कबूल केलेला लेख, गावच्या जमिनीची वारसनोंद, सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग, अर्ध्यावर थांबलेला जर्मनचा कोर्स, आजोबांच्या पत्रांचं स्कॅनिंग. ही यादी अ‍ॅपमध्ये कशी साठवायची, ते आज ठरवू. पडदा कसा दिसेल, बटणं कुठे असतील, हा विषय नंतरचा. पडदा कधीही बदलता येतो. माहितीची रचना मात्र वर्षभराच्या नोंदी साठल्यावर बदलायची म्हणजे मोठा खटाटोप होतो.

रचनेआधी एक प्रश्न स्वतःला विचारा : अ‍ॅप उघडल्यावर मला नेमकं काय कळायला हवं? कार्यालयांतली बहुतेक सॉफ्टवेअर काम कोणाकडे आहे आणि किती झालं, हे इतरांना कळावं म्हणून बनलेली असतात. जबाबदार व्यक्ती, टक्केवारी, अग्रक्रम असे रकाने त्यासाठीच. एकट्या माणसाची गरज वेगळी आहे. आता तासभर मोकळा आहे. यातलं कोणतं काम उचलू आणि कुठून सुरुवात करू? आपल्या अ‍ॅपनं एवढंच सांगितलं तरी ते सार्थकी लागलं. या उत्तराला ज्या रकान्याची मदत होत नाही, तो ठेवूच नका.

म्हणून सगळ्यांत महत्त्वाचा रकाना ‘पुढची कृती’. डेव्हिड अ‍ॅलन यांनी 2001 साली आलेल्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकात ही कल्पना ठामपणे मांडली. ‘वारसनोंद’ हे काम कोणालाच करता येत नाही. ‘मृत्यूचा दाखला आणि अर्ज तलाठी कार्यालयात देणे’ हे करता येतं. या रकान्यातली ओळ क्रियापदानं संपलीच पाहिजे, असा नियम करा. क्रियापद सुचत नसेल, तर त्या कामाचा विचारच अजून पुरा झालेला नाही, हे ओळखा.

आता तक्ते. पहिला ‘प्रकल्प’ : क्रमांक, नाव, स्थिती, पुढची कृती आणि उजळणीची तारीख. दुसरा ‘नोंदी’ : नोंदीचा क्रमांक, ती कोणत्या प्रकल्पाची त्याचा क्रमांक, तारीख आणि मजकूर. तलाठ्याशी काय बोलणं झालं, गच्चीसाठी कोणत्या ठेकेदारानं किती दर सांगितला, हे सगळं दुसऱ्या तक्त्यात. प्रकल्प एक, नोंदी कितीही. ‘या कामाला शेवटचा हात कधी लागला’ असा वेगळा रकाना मात्र करू नका. नोंदींमधली सर्वांत अलीकडची तारीख काढली की ते आपोआप कळतं. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 साली तक्त्यांवर आधारलेली माहितीरचना मांडली, त्या परंपरेतली ही शिस्त आहे : एक गोष्ट एकाच जागी लिहायची. दोन जागी लिहिली की आज ना उद्या दोन्हींत तफावत पडते आणि खरं कोणतं ते कळेनासं होतं.

‘स्थिती’साठी पाच पर्याय पुरतात : चालू, प्रतीक्षेत, बाजूला ठेवलेलं, पूर्ण, सोडून दिलेलं. वारसनोंदीचा अर्ज दिल्यावर फेरफारावर हरकती घेण्यासाठी 15 दिवसांची मुदत असते. तेवढे दिवस ते काम प्रतीक्षेत. उजळणीची तारीख मुदत संपतानाची. तोवर ते रोजच्या यादीत डोळ्यांसमोर येण्याचं कारण नाही. आणि ‘सोडून दिलेलं’ हा पर्याय गाळू नका. विचारपूर्वक सोडलेलं काम ही चांगल्या निर्णयाची नोंद आहे. ते ‘चालू’मध्ये पडून राहिलं की बाकीची यादीही खोटी वाटू लागते.

‘चालू’ला मर्यादा घाला. यामागे गणित आहे. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेल्या नियमानुसार, हाती असलेल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे कामं येण्याचा दर गुणिले प्रत्येक कामाला लागणारा सरासरी काळ. व्यवस्था स्थिर असेल, तर येण्याचा आणि संपण्याचा दर सारखाच. तुमची महिन्याला दोन कामं पूर्ण होत असतील आणि बारा चालू असतील, तर एक काम तडीस जायला सरासरी सहा महिने लागणार. वेग तोच ठेवून चालू कामं चारवर आणली, तर दोन महिने. म्हणून पाचवं काम ‘चालू’ करू लागलात की अ‍ॅपनं अडवावं : आधी एक हातावेगळं करा किंवा बाजूला ठेवा.

हे साठवायला एसक्यूलाइट वापरू. रिचर्ड हिप यांनी अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करताना, वेगळा सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागणार नाही असा डेटाबेस हवा म्हणून 2000 साली ते बनवलं. ते सर्वांसाठी मुक्त आहे, अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये आधीपासून असतं, आणि सगळी माहिती एकाच फाइलमध्ये राहते. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. त्यात तारखेसाठी स्वतंत्र प्रकार नाही, म्हणून तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, 2025-03-09 या पद्धतीनं लिहा. म्हणजे क्रम बरोबर लागतो. दुसरं, नोंदीत लिहिलेला प्रकल्प क्रमांक खरोखर अस्तित्वात आहे का, ही तपासणी त्यात सहसा बंद असते. डेटाबेसशी जोडणी उघडताना प्रत्येक वेळी ती चालू करावी लागते.

पुढच्या भागात हे तक्ते प्रत्यक्ष तयार करू. तोपर्यंत कागदावरच्या यादीतल्या प्रत्येक कामापुढे स्थिती आणि क्रियापदानं संपणारी एक ओळ लिहा, आणि ‘चालू’ कामं चारच ठेवा. हे काम अ‍ॅप तुमच्यासाठी करणार नाही. ते आधी तुम्हालाच करावं लागेल.