कोजागरीला दूध प्यावं, चंद्र अष्टमीला पाहावा

शाळेत आकाशदर्शन ठरलं की तारीख निघते कोजागरीची. चंद्र पाहायला याहून वाईट रात्र नाही. पौर्णिमेला सूर्याचा उजेड चंद्रावर समोरून पडतो, सावल्या उरत नाहीत आणि विवरं सपाट दिसतात. शुद्ध अष्टमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमेवर त्यांच्या कडा साध्या द्विनेत्रीतूनही उठून दिसतात. कोजागरीला मसाला दूधच बरं.

छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूलहून आता आकाशात काही दिसत नाही, असंही म्हणतात. दक्षिणेकडच्या शहराच्या दिव्यांनी आकाशगंगा गिळली, हे खरं. पण चंद्र, गुरू, शुक्र त्या दिव्यांना दाद देत नाहीत. शाळेची गच्ची पुरते.

आणि महागडी दुर्बीण? खोक्यावर ‘६७५ पट’ छापलेली ६० मिलिमीटरची दुर्बीण १२० पटींच्या पुढे नुसता धूसरपणा मोठा करते. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले ते सुमारे २० पटींच्या दुर्बिणीतून. १० बाय ५०ची द्विनेत्री तिवईवर घट्ट बसवली तरी ते दिसतात. मुलांनी रोज ठरल्या वेळी वहीत गुरूचा गोल आणि शेजारचे ठिपके काढावेत. आयोची फेरी साधारण साडेबेचाळीस तासांची; दुसऱ्याच रात्री चित्र बदलतं. अडलं तर विचारायला शहरात एमजीएमचं अंतराळ-खगोल केंद्र आहे.

सगळ्यात चिवट गैरसमज मात्र कलांचा: पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा दिसतो! तो मोडायला रात्रही लागत नाही. शुद्ध अष्टमीला दुपारी चारच्या सुमारास मैदानात उन्हात उभं राहायचं, खडू फासलेला रबरी चेंडू हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरायचा. चेंडूचा जितका भाग उजळ, तितकाच चंद्राचाही; उजेडाची बाजूही तीच. पृथ्वीची सावली सूर्याच्या बरोबर उलट दिशेला असते, ती चंद्राला गाठते फक्त ग्रहणात. ७ सप्टेंबर २०२५च्या रात्री भारतभर दिसलं, ते तसं.

भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी उपासतापासापुरती, हाही समजच. एक तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं १२ अंशांचं अंतर. हात ताणून धरलेली मूठ साधारण १० अंश व्यापते. शुद्ध चतुर्थीला सूर्य टेकताना तिथपासून चंद्रापर्यंत मुठी मोजल्या तर चारेक भरतात. चंद्र पाहू नये म्हणतात त्या गणेश चतुर्थीला मोजलं तर चालेल का, असा प्रश्न घरून येतोच. मुठी त्या संध्याकाळीही तेवढ्याच भरतात.