माणिकडोहला येणारे बिबटे आणि तेथून न परतणारे

जुन्नर परिसरात बिबट्या जेरबंद झाल्याची बातमी बहुधा एकाच वाक्याने संपते: त्याची रवानगी माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात करण्यात आली. त्या वाक्यानंतर काय घडते, हे क्वचितच छापून येते.

हे केंद्र पुणे जिल्ह्यात, जुन्नर शहराजवळ आहे. वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून ते चालवतात. येथे येणारे प्राणी नाना कारणांनी आलेले असतात. कोणी कठडा नसलेल्या विहिरीत पडलेला असतो, कोणी रस्त्यावर वाहनाची धडक बसून जायबंदी झालेला असतो, तर कोणी माणसावर हल्ला झाल्यानंतर लावलेल्या पिंजऱ्यात सापडलेला असतो. विहिरीतून काढलेला धडधाकट बिबट्या तपासणीनंतर पुन्हा सोडता येतो. हल्ल्याचा संशय असलेला मात्र सहसा कायमचा राहतो. आईविना वाढलेल्या पिल्लाचेही तेच होते. शिकार शिकवायला आई नसते आणि माणसाची भीती मोडलेली असते. बंदिवासात बिबट्या वीस वर्षांच्या आसपासही जगू शकतो. म्हणजे आज भरलेला पिंजरा पुढे कित्येक वर्षे रिकामा होत नाही. मध्यंतरी येथील काही बिबटे गुजरातेत जामनगरच्या केंद्राकडे पाठवण्यात आले, ते या जागेच्या टंचाईमुळेच.

आवक मात्र थांबत नाही. कुकडी प्रकल्पातील धरणांचे पाणी शिवारात खेळू लागले आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या पट्ट्यात ऊस वाढला. वर्ष-दीड वर्ष उभे राहणारे हे पीक बिबट्याला दाट आडोसा, गारवा आणि पाणी देते. भक्ष्य गावातच असते. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा शेतीच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता, सुमारे ३९ टक्के. तेव्हा हे बिबटे जंगलातून वाट चुकून आलेले पाहुणे नव्हेत. त्यांतील अनेकांचा जन्मच उसात झालेला असतो.

मग त्यांना पकडून दूरच्या जंगलात का सोडू नये? हा प्रयोग होऊन गेला आहे. फेब्रुवारी २००१ पासून जुन्नर वनविभागात बिबटे पकडून आसपासच्या जंगलांत मोठ्या प्रमाणावर सोडले गेले. त्यापूर्वी, १९९३ ते २००१ या काळात, माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ होती. २००१ ते २००३ मध्ये ती १७ झाली. हल्ले मुख्यतः बिबटे सोडले त्या ठिकाणांजवळ वाढले, आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण दुपटीने चढून ३६ टक्क्यांवर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला, पकडण्याच्या ताणाने बिथरलेला प्राणी अधिक धोकादायक ठरतो, असा या आकड्यांचा अर्थ लावला गेला. शिवाय बिबट्या सोडल्या जागी राहतोच असे नाही. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला आणि २००९ मध्ये रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या वेशीपर्यंत गेला. त्याच्यावर पुढे मराठी चित्रपटही निघाला. वाटेत त्याने कोणाला इजा केली नाही, ही गोष्ट चित्रपटाइतकी लक्षात राहिलेली नाही.

पकडून केंद्रात ठेवले तरी रिकामी झालेली हद्द दुसरा बिबट्या व्यापतो. पिंजऱ्यात हल्लेखोरच सापडेल, याचीही खात्री नसते. तरीही ज्या वस्तीतले मूल गेले, तिने पिंजऱ्याची मागणी करणे स्वाभाविकच आहे. पहाटे उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला हद्दीचे शास्त्र ऐकवून धीर येत नाही. वनविभागाला दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात आणि बहुतेकदा पिंजराच लागतो.

या केंद्राचे सर्वांत मोलाचे काम मात्र पिंजऱ्याबाहेर चालते. ऊसतोडणीच्या हंगामात फडात पिल्ले सापडतात. पूर्वी ती सरळ उचलून आणली जात. त्यांची आई मग परिसरात सैरभैर फिरे आणि गावाचा धोका वाढे. आता तोडणी थांबवली जाते, पशुवैद्य पिल्ले तपासतात, गोचिडी काढतात आणि ओळखीसाठी कातडीखाली चिप बसवतात. संध्याकाळी ती एका पेटीत, सापडली त्याच जागी ठेवली जातात. कॅमेरा लावून माणसे दूर जातात. अंधार पडल्यावर मादी येते, पेटी आडवी करते आणि एकेक पिल्लू मानगुटीला धरून नेते. एखाद्या रात्री ती आली नाही, तर दुसऱ्या संध्याकाळी पेटी पुन्हा त्याच सरीत ठेवली जाते.